रुमाल टाकलेली जागा

वैजनाथदादाच्या खिशात नेहमी दोन रुमाल असायचे. एक घाम पुसायला आणि दुसरा जागा धरायला.

आमच्या कंपनीची बस विश्रांतवाडीहून हिंजवडीला जायची. पहिल्याच थांब्यावर चढणारे आम्ही मोजके, त्यामुळे अख्खी बस आमचीच असायची. तरीही वैजनाथदादा चढला की आधी ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीपाशी जायचा, दुसरा रुमाल झटकून त्या जागेवर पसरायचा आणि शेजारी बसायचा. ती जागा मुमताजआपांची. त्या आमच्याकडे अकाउंट्स बघायच्या आणि खडकीला चढायच्या. लेकीला शाळेच्या फाटकात सोडून त्यांना थांब्यापर्यंत पळत यावं लागे. पळूनही उशीर व्हायचाच. मग वैजनाथदादा बस थांबवायचा.

महिपती ड्रायव्हर माणचा, हिंजवडीपलीकडच्या गावचा. तो आरशातून विचारायचा, "थांबू का निघू? तुमी सांगा. शिव्या मलाच खायच्या हायेत."

"थांबा ना. आल्याच."

मागच्या बाकांवरून आवाज यायचा, "वैजनाथराव, ही बस कंपनीची आहे की तुमच्या वऱ्हाडाची?"

तो मागे वळून हसायचा. मुमताजआपा धापा टाकत चढायच्या, रुमालाची घडी करून त्याच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "भाई, एक दिवस हे लोक आपल्या दोघांना खाली उतरवतील."

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. साहित्यात एम. ए. करून मी त्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहायच्या नोकरीला लागले होते. प्रोग्रामरांनी जे बनवलं ते साध्या भाषेत लिहायचं, एवढंच काम. त्यासाठी त्यांना प्रश्न विचारावे लागत. बहुतेकांना प्रश्नांचा वैताग यायचा. वैजनाथदादा मात्र खुर्ची ओढून म्हणायचा, "बस. पाणी पिलीस का?"

तो गंगाखेडजवळच्या एका खेड्यातला. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, मग रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला आला. खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरलेली होती, पण चढेपर्यंत त्या रुमालावर एक म्हातारी बसलेली होती. तिला उठवणं जमेना, म्हणून अहमदनगरपर्यंत तो उभा राहिला. हे तो गमतीने सांगायचा. पुण्यात आधी संगणकाच्या क्लासमध्ये शिकवलं, मग दोन लहान कंपन्या, मग ही. विश्रांतवाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि धाकटी बहीण शालन त्याच्याजवळ राहायची. ती तिथल्याच एका बालवाडीत शिकवायची. त्याचं वय पस्तिशीला टेकलं होतं. केसांना तेल, पायांत चामड्याच्या चपला. कंपनीच्या काचेच्या इमारतीत त्या चपलांचा आवाज दुरून ओळखू यायचा.

त्या वर्षी आमच्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आलं होतं. लॅबची केंद्रं मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत विखुरलेली. तिथे रक्त-लघवीचे नमुने घ्यायचे, तपासायचे, आणि रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर पाठवायचे. तिथून ते त्या त्या डॉक्टरांकडे जायचे. ब्रॉडबँड तालुक्यापर्यंत नुकतंच पोचलं होतं. लॅबचे मालक आप्पासाहेब, वयस्कर डॉक्टर. त्यांना रिपोर्ट वेळेवर हवे होते, एवढंच. रिपोर्ट बंद पाकिटातून यावेत, म्हणजे वाटेत कुणी पाहिले तरी वाचता येऊ नयेत, हा हट्ट वैजनाथदादाचा.

"एवढं कशाला?" मी पुस्तिकेसाठी विचारलं. "रक्तातली साखर कोण चोरून वाचणार?"

त्याने टेबलावरचा पेला सरळ केला. मग म्हणाला, "आमच्या शालनचा रिपोर्ट फॅक्सने आला होता. गावात फॅक्स एकच, बाजारातल्या टेलिफोन बूथवर. बूथवाल्याने वाचला. वाईट माणूस नव्हता तो, कागद समोर आला म्हणून वाचला. बाबा तिथे पोचायच्या आत बाजाराला कळलं होतं, पोरीला टी.बी. आहे. तिचं लग्न ठरलेलं होतं. आजार औषधांनी बरा झाला. लग्न मोडलं ते मोडलंच."

मग त्याच आवाजात तो मला सर्व्हर समजावू लागला.

सर्व्हर म्हणजे एका दाराशी कान लावून बसलेला प्रोग्राम. कुणी दार ठोठावलं की तो उघडतो, म्हणजे जोडणी स्वीकारतो. पण पाहुणा आत आला म्हणून लगेच कामाचं बोलायचं नाही. आधी रामराम. आपण आपलं ओळखपत्र दाखवायचं, पाहुण्याने त्याचं दाखवायचं. खरे आहेत ना, हे दोघांनी तपासायचं. मग दोघांनी मिळून एक किल्ली ठरवायची, त्या भेटीपुरती. त्यानंतरचं सगळं बोलणं त्या किल्लीने बंद. रामराम झाल्याशिवाय एक अक्षरही द्यायचं नाही, घ्यायचं नाही.

सर्व्हर आपल्या कामाची नोंद पडद्यावर टाकत राहतो. वैजनाथदादाने ती रोमन लिपीत, पण मराठीतच ठेवली होती. पाहुणे आले. रामराम झाला. रिपोर्ट घेतला. पाहुणे गेले. ओळींमागून ओळी अशाच.

आमची टीमप्रमुख पूर्णिमा नारायण पेठेतली. तिने पहिल्यांदा ती नोंद पाहिली तेव्हा म्हणाली, "छान. पुढच्या आवृत्तीत हळदीकुंकू पण घाल."

ऑफिसात सगळं सुरेख चाललं. आम्ही दहा-बारा जण एकदम जोडून बघायचो, आणि पडद्यावर रामराम झरझर उमटायचे. मग तो सर्व्हर खऱ्या कामाला लागला, आणि दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी बसू लागला.

बंद पडायचा नाही. नुसता बसून राहायचा. आठ-सव्वाआठला एक ओळ यायची, पाहुणे आले. त्यापुढे काहीच नाही. सेलू, मानवत, परळी, सगळी केंद्रं फोन करायची की जोडलं असं दिसतंय, पण पुढे हलत नाही. साडेनऊ-दहाच्या सुमाराला सगळं आपोआप मोकळं व्हायचं आणि ओळी धबाधबा पडायच्या. तोवर डॉक्टरांचे दवाखाने भरलेले असायचे, आणि रुग्ण रिपोर्टविना बसलेले.

शुक्रवारी आप्पासाहेबांचा फोन आला. पूर्णिमाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"हे बघा, मला तुमची ती कुलुपं-किल्ल्या कळत नाहीत. आधी साध्या ईमेलने येत होते ते रिपोर्ट येत तरी होते. सोमवारी सकाळी पुन्हा अडकलं, तर मी सगळ्या केंद्रांना सांगणार, जुन्या पद्धतीने पाठवा."

"साहेब, जुन्या पद्धतीत ते उघडे जातात," वैजनाथदादा म्हणाला.

"उघडे का होईनात, पोचतात ना?"

फोन बंद झाला. वैजनाथदादाने घाम पुसायचा रुमाल काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. मुमताजआपा बिलांच्या कामासाठी आल्या होत्या. त्या हळूच मला म्हणाल्या, "शालनला सांगणार नाही हा. पण तिला कळेल."

पूर्णिमाने त्याचा प्रोग्राम समोर घेतला. वाचत गेली, आणि एका जागी थांबली.

"वैजनाथ, दार उघडणारा आणि रामराम करणारा एकच आहे?"

"हो. एका मागे एक."

"म्हणजे एक पाहुणा आत आला आणि रामरामच म्हणाला नाही, तर तुझा माणूस त्याच्यासमोर हात जोडून उभा. आणि बाकीचे जिन्यात."

"पण रामराम का नाही म्हणणार? आलाय म्हणजे बोलायलाच आलाय ना?"

"पुण्यात ये एकदा," पूर्णिमा म्हणाली. "इथे लोक नुसती बेल वाजवूनही जातात."

तो गेली दहा वर्षं पुण्यातच होता.

न बोलणारा पाहुणा कोण, हे शोधणं मग अवघड नव्हतं. अडकलेल्या ओळीसमोरचा पत्ता गंगाखेडच्या केंद्राचा निघाला. तिथे दत्तप्रसाद नावाचे एक गृहस्थ काम बघत. वैजनाथदादाने त्यांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडचा आवाज ऐकताच त्याची स्वतःची बोलीही बदलली.

"दत्तप्रसादभाऊ, सकाळी काय काय करता, समदं सांगा बरं. कुलूप काढल्यापासून."

"कुलूप काढतो. झाडून घेतो. मशीन चालू करतो. अगरबत्ती ओवाळतो."

"मंग?"

"मंग रुमाल टाकतो."

"कशावर?"

"तुमच्यावरच की हो! नऊनंतर समद्या गावांची गर्दी व्हायलीय. लवकर गेलं की नंबर लागतो. म्हणून आठलाच प्रोग्राम उघडतो. 'जोडले' असं येतंय. त्याच्याखाली पासवर्ड मागतंय. आता पासवर्ड हाय इथल्या डॉक्टरसाहेबांकडं, आन् साहेब येतेत साडेनऊला. तवर जागा धरून ठेवतो अन् चहाला जातो. साहेब आले की टाकला पासवर्ड, आपलं काम पहिलं! परवा सेलूवाल्याला बी सांगितलं, मानवतवाल्याला बी. म्हणलं, रुमाल टाकून ठेवत जा बाबांनो."

वैजनाथदादाने फोन ठेवला. मग मुमताजआपा हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही. पूर्णिमा हसली नाही. तिने विचारलं, "पासवर्डशिवाय ओळखपत्र उघडत नाही, म्हणजे रामराम नाही. मग जोडून झाल्यावर पासवर्ड मागायचा, हा उलटा क्रम कुणी लावला? आधी पासवर्ड घ्या, मग जोडा."

"मीच लावला," वैजनाथदादा म्हणाला. "लाईन लागलीच नाही, तर बिचाऱ्यांना पासवर्ड टाकायचा त्रास उगाच कशाला, म्हणून."

तिकडे पाहुण्याला त्रास नको, इकडे पाहुण्याला घाई नको. त्याच्या दोन भलेपणांची गाठ पडली होती आणि मध्ये सगळा मराठवाडा अडकला होता.

केंद्रांवरचा प्रोग्राम बदलायचा तर नव्या सीडी गावोगाव पाठवायला हव्या होत्या. सोमवारच्या आत ते होणार नव्हतं. पूर्णिमा म्हणाली, "सोपं आहे. दत्तप्रसादांना फोन कर आणि सांग, असं करू नका."

"ऐकतील ते. सोमवार निघून जाईल. मग मंगळवारी परळीवाला टाकेल. आमच्याकडे जन्मल्यापासून जागा अशीच धरतात, पूर्णिमा. एस.टी.त, रेशनला, लग्नाच्या पंगतीला. ही सवय फोनने जाते का?"

आणि त्याने जे केलं ते ऐकून पूर्णिमा खुर्चीवरून उठलीच. त्याने गंगाखेडला पुन्हा फोन लावला आणि म्हणाला, "दत्तप्रसादभाऊ, सोमवारी पण टाका रुमाल. सेलूवाल्याला, मानवतवाल्याला, समद्यांना सांगा. विसरू नका."

"वैजनाथ, डोकं ठिकाणावर आहे का?"

"त्यांनी टाकायचे ते टाकू देत. आपल्या दाराला ते झेपलं पाहिजे. नाही झेपलं, तर आप्पासाहेबांचं बरोबर आहे."

रविवारी तो ऑफिसला आला तेव्हा बरोबर शालन होती. भावाचं ऑफिस बघायचं म्हणून, असं ती म्हणाली. हातात ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बारीक चणीची, शांत, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारी. काचेच्या भिंतीतून खाली पाहत ती म्हणाली, "एवढ्या इमारती, आणि सावली कुठेच नाही."

दुपारपर्यंत निम्मं काम झालं होतं. आता दार उघडणारा वेगळा होता. त्याने फक्त उघडायचं आणि पाहुण्याला बाजूच्या खोलीत एकेका वेगळ्या माणसाकडे सोपवून पुन्हा दाराशी यायचं. रामराम त्या खोलीत. कुणी गप्प बसलं तर त्याच्यासमोरचा एक माणूस अडकेल, दार नाही.

"आणि त्या खोलीत किती वेळ बसू द्यायचं?" पूर्णिमाने विचारलं. "मर्यादा घाल. ठरावीक वेळात रामराम नाही, तर बाहेर."

"बाहेर नको."

"अरे, खोल्या काय अमर्याद आहेत का? सगळ्या गावांनी रुमाल टाकले की खोल्या संपल्या. मग पुन्हा जिना."

"तिकडच्या लाईनी संथ आहेत. एखाद्याला खरंच वेळ लागत असेल, तर? त्याला हाकलून द्यायचं?"

भाकरी खाता खाता तेच चाललं होतं. पूर्णिमा एक वाक्य बोलायची आणि तो एक घास थांबायचा. तिचं म्हणणं बरोबर आहे हे त्याला कळत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बोटं मात्र ती ओळ लिहायला तयार नव्हती.

शालन ऐकत होती. मध्येच म्हणाली, "दादा, बाहेर काढलेला परत येऊ शकतो का?"

"येऊ शकतो. प्रोग्राम आपोआप पुन्हा ठोठावतो. पासवर्ड टाकला की लगेच."

"मग तू उघडणार का?"

"उघडणारच ना."

"मग तो हाकलला कुठे?" तिने चटणीचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "दारात परत आलेल्याला परत न घेणं, ते हाकलणं. मला माहीत आहे ते."

पूर्णिमाने पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. तिने भाकरीचा आणखी एक तुकडा मागून घेतला, एवढंच.

हात धुऊन आल्यावर त्याने मर्यादा घातली. आधी प्रत्येक केंद्राच्या नोंदी काढून सगळ्यात संथ गावाला रामरामाला किती वेळ लागतो ते पाहिलं, आणि त्याच्या चौपट वेळ दिला. पूर्णिमा म्हणाली, "दुप्पट पुरे होता." तो म्हणाला, "असू दे." वेळ संपल्यावर जी ओळ उमटणार होती तीही त्यानेच लिहिली: पाहुणे, पुन्हा या.

सोमवारी सकाळी बसमध्ये त्याने नेहमीसारखा रुमाल पसरला. आठच्या आत ऑफिसला पोचायचं म्हणून त्या दिवशी बस लवकर काढायला सांगितली होती. पूर्णिमा तिच्या स्कूटरवरून परस्पर येणार होती. खडकीला आलो. मुमताजआपा नव्हत्या. त्यांना लवकरची वेळ कळवली होती, पण शाळेचं फाटक काही कंपनीसाठी लवकर उघडत नाही.

महिपतीने आरशात पाहिलं. "थांबू का निघू?"

मागे कुणीतरी म्हणालं, "आज तरी नको हो, वैजनाथराव!"

वैजनाथदादाने घड्याळ पाहिलं. मग उठला.

"तुम्ही निघा, महिपती. मी उतरतो. आम्ही रिक्षाने येऊ."

"अहो, पन आज तर तुमचंच काम हाय ना?"

"मी तिथे असून काय करणार? दार आता त्याचं त्याने उघडायचंय." आणि मला म्हणाला, "तू जा. पडदा बघ. काय होईल ते पूर्णिमाला सांग."

बस निघाली. मी मागच्या काचेतून पाहिलं. रस्त्याच्या कडेला तो एकटा, चामड्याच्या चपलांत, शाळेच्या दिशेने मान वळवून उभा होता. रुमाल सीटवरच राहिला होता.

ऑफिसात पूर्णिमा आधीच पडद्यासमोर बसली होती. "कुठाय तो?"

"खडकीला उतरला. मुमताजआपांसाठी."

तिने डोळे मिटून घेतले. "देवा," एवढंच म्हणाली.

आठनंतर थोड्याच वेळात ओळ आली. पाहुणे आले. गंगाखेड. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. अगरबत्ती ओवाळून झाली असणार. दत्तप्रसाद आता चहाला निघाले असणार. पुढची ओळ येईना.

मग आली. पाहुणे आले. सेलू. पुन्हा गप्प. मानवतही गप्प. तिघांचे रुमाल पडले होते.

आणि मग परळी. पाहुणे आले. रामराम झाला. रिपोर्ट घेतला. पाहुणे गेले.

"गेले," पूर्णिमा म्हणाली. मी तिचा हात धरला होता हे मला तेव्हा कळलं. जिंतूर आलं आणि गेलं. पाथरी आलं आणि गेलं. गंगाखेडसमोर उमटलं, पाहुणे, पुन्हा या. सेलूसमोरही. पण दार उघडंच होतं, आणि ओळी खाली सरकत राहिल्या.

नऊ वाजून गेल्यावर वैजनाथदादा आणि मुमताजआपा आले. रिक्षा वाकडला अडकली होती, पुढचं दोघं चालत आले होते. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. दारातच त्याने पूर्णिमाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"काही नाही," पूर्णिमा म्हणाली. "तुझ्याशिवाय चाललं."

तो खुर्चीत बसला. पडद्यावरच्या ओळी वरून खाली वाचत गेला, ओठ हलवत, प्रत्येक गावाचं नाव घेत. साडेनऊला गंगाखेडचा रामराम झाला, तेव्हा त्याने नकळत पडद्याला मान लववली. मुमताजआपांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

आप्पासाहेबांचा फोन दुपारी आला, दुसऱ्याच कशासाठी तरी. बिलावरचा पत्ता चुकला होता. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ते तसंच राहू द्या आता. कुलूपवालं." वैजनाथदादा जागेवरून उठून जिन्यात गेला. काचेतून दिसत होतं, तो मोबाईलवर शालनशी बोलत होता. बराच वेळ नुसता ऐकत होता.

दत्तप्रसादांचा फोन संध्याकाळी आला. "अहो, तुमच्या मशीननं मला भाईर काढलं की! रुमाल टाकला तरी."

"राग आला का, भाऊ?"

"राग कशाचा? साहेबांनी पासवर्ड टाकला अन् एका सेकंदात आत! गर्दीच नाही. मंग आता मी सकाळी लवकर येऊन करू काय?"

"चहा घ्या निवांत."

घरी जायला बसमध्ये चढलो तेव्हा महिपतीने सकाळचा रुमाल घडी करून समोर ठेवलेला होता. वैजनाथदादाने तो घेतला, खिशात टाकला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा काढला, झटकला आणि खिडकीपाशी पसरला. मुमताजआपा अजून लिफ्टमध्येच होत्या.